आवाज वाढला म्हणून रिमोट खरा ठरत नाही

गेल्या पावसाळ्यात वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खासबागेत जाऊन कुस्त्या बघितलेला माणूस, आता दिवसभर अंथरुणावर. विरंगुळा एकच: टीव्हीवर जुन्या कुस्त्या लावायच्या. अशात एका सकाळी ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकचा, म्हणजे इंटरनेटवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणाऱ्या छोट्या यंत्राचा, रिमोट बंद पडला. नवे सेल घातले तरी ढिम्म हलेना.

घाईघाईत गावातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं तसाच दिसणारा काळा रिमोट काढला, माइकच्या बटणासकट. “ओरिजिनलच हाय, काका. लावून दाखवतो की.” सेल घालून त्यानं दुकानातल्या टीव्हीचा आवाज वाढवला, कमी केला, टीव्ही बंद करून पुन्हा चालू केला. माझी खात्री पटली. 1,450 रुपये दिले. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर ‘रिमोट 1 नग’ एवढंच लिहून दिलं.

घरी आल्यावर टीव्हीचा आवाज वाढत होता, पण स्टिक काही केल्या ऐकेना. बाणांची बटणं चालेनात, माइक चालेना. वडील म्हणाले, “राहू दे, मी पेपर वाचतो.” ते ऐकून फार वाईट वाटलं.

संध्याकाळी भाचा आला, इंजिनिअरिंगला आहे. त्यानं मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू केला आणि नव्या रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरलं. “मामा, बघा.” कोणतंही बटण दाबलं की टोकाशी जांभळट ठिणगी चमकायची. हा इन्फ्रारेड प्रकाश, डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. टीव्हीला तो कळतो. स्टिक मात्र टीव्हीच्या मागे लपलेली असते, तिचा रिमोट तिच्याशी ब्लूटूथनं बोलतो. अस्सल रिमोटमध्ये दोन्ही असतात: टीव्हीचा आवाज आणि पॉवर इन्फ्रारेडवर, बाण, होम आणि माइक ब्लूटूथवर. माझ्या हातातल्या रिमोटमध्ये ब्लूटूथ नव्हतंच, माइकचं बटण नुसतं दिखाव्याचं. दुकानदारानं नेमकी आवाजाची आणि पॉवरचीच बटणं दाबून दाखवली होती, आणि त्याला ते माहीत होतं याबद्दल मला शंका नाही.

मग भाच्यानं जुना रिमोट उघडला. सेलच्या स्प्रिंगवर पांढरी पूड साचली होती, जुना सेल पाझरला होता. कोरड्या ब्रशनं ती खरवडली, नवे सेल घातले, स्टिकची पिन एकदा काढून लावली आणि होमचं बटण 10 सेकंद दाबून धरलं. फायर टीव्हीचा रिमोट असाच पुन्हा जोडतात. दोन मिनिटांत बाण चालू लागले. तेवढ्यानं भागलं नसतं तरी मोबाइलमध्ये त्या कंपनीचं ॲप घेऊन, फोन आणि स्टिक एकाच वायफायवर ठेवून काम चाललं असतं. म्हणजे त्या दिवशी रिमोट विकत घ्यायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. “विकलेला माल परत घेत नाही,” एवढंच उत्तर. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला, तर पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडं ती चिठ्ठी, तिच्यावर ना दुकानाचं नाव ना मॉडेल. म्हणून सांगतो, रिमोट घ्यायला जाताना स्टिक काढून सोबत न्या, दुकानातल्याच टीव्हीला लावायला सांगा आणि बाण चालवून बघा. बिलावर मॉडेल लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी वाद घालत उभा होतो तेव्हाच एक वयस्कर बाई आल्या. त्यांनाही तसाच रिमोट पाहिजे होता. दुकानदारानं टीव्हीचा आवाज वाढवून दाखवायला सुरुवात केली. मी म्हटलं, “मावशी, आवाज नको, बाण चालवून दाखवायला सांगा. माइकमध्ये बोलून बघा.”

त्यांनी त्याच्याकडं बघितलं. “दाखव की मग.”

त्यानं रिमोट उचलून काउंटरखाली ठेवला. मावशींनी पिशवी उचलली आणि त्या निघाल्या.