एकच सेशन, दोन डेटाबेस: नऊ महिने एसक्यूएल-अल्केमी वापरल्यावर

जुनं बिलिंग मायएसक्यूएलवर, नवीन ऑर्डर्स पोस्टग्रेसवर, आणि दोन्हीशी बोलणारं पायथन ॲप एकच. हे सांभाळायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा एसक्यूएल-अल्केमी २.० (पायथनमधून डेटाबेसशी बोलायची लायब्ररी) घेतलं. नऊ महिने झाले, आता लिहितो.

सुरुवात एकदम झकास. दोन डेटाबेसच्या मॉडेल्सना (म्हणजे टेबलांच्या पायथन क्लासना) दोन वेगळे बेस क्लास, आणि सेशनला (डेटाबेसशी चाललेलं वाचणं-लिहिणं सांभाळतं ते) बाइंड्स या सेटिंगमध्ये सांगायचं की हा बेस या इंजिनचा, तो त्या इंजिनचा; इंजिन म्हणजे एका डेटाबेसशी जोडणारा भाग. मग क्वेरी लिहिताना डोक्याला ताप नाही, मॉडेल बघून ते आपोआप योग्य इंजिनकडे जातं. फक्त कच्चं एसक्यूएल टेक्स्टमध्ये लिहून दिलं की बिचाऱ्याला कळत नाही कुठे जायचं, सरळ एरर देतं, तिथे बाइंड हातानं द्यावं लागतं. तेवढं चालतं.

खरी गडबड कमिटला, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये पक्के करताना. सेशन एक म्हणजे ट्रान्झॅक्शन (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही असा गठ्ठा) एक असं मी खुशाल धरून चाललो होतो, डॉक्युमेंटेशन नीट वाचायचा कंटाळा, दुसरं काय. एका रात्री पोस्टग्रेसवर ऑर्डर पक्की झाली आणि मायएसक्यूएलचं कमिट पडलं, म्हणजे ऑर्डर आहे पण बिल नाही. आतमध्ये ते एकेका कनेक्शनला ओळीनं कमिट म्हणतं, पहिलं झालं आणि दुसरं फसलं तर पहिलं परत फिरत नाही. मग टू-फेज कमिट (आधी दोन्हीकडे प्रिपेअर म्हणजे तयारी, मग दोन्हीकडे पक्कं) चालू करून पाहिलं, तर पोस्टग्रेस म्हणतं प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन बंद आहेत. त्याची मर्यादा मुळातच ० असते, ती वाढवून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. केलं तेही, पण ॲप मधेच मेलं की प्रिपेअर झालेलं ट्रान्झॅक्शन लॉक धरून तसंच बसून राहतं आणि कोणीतरी जाऊन ते हातानं सोडवायचं. आठवड्यात काढून टाकलं. आता ऑर्डरसोबत पोस्टग्रेसमध्येच 'बिल करायचंय' अशी एक नोंद पडते, ती उचलून वेगळा वर्कर (मागे चालणारा प्रोग्रॅम) वेगळ्या सेशननं बिल बनवतो. नोंदीचा आयडी बिलावर युनिक, म्हणजे दोनदा उचलली तरी बिल एकच.

दुसरा दणका त्याहून मजेशीर. बिलांवर नजर ठेवणारा एक वर्कर होता, त्याचं सेशन एकदा उघडलं की दिवसभर तेच. त्याला नवीन ऑर्डर दिसायच्या, नवीन बिलं काही केल्या दिसेनात! मी डेटाबेसचा क्लायंट उघडून बघतोय तर रो समोर हजर. दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं, मायएसक्यूएल डीफॉल्टला रिपीटेबल रीडवर चालतं, पहिल्या वाचनाला जो स्नॅपशॉट (डेटाचं त्या क्षणाचं चित्र) घेतला तोच ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत, आणि पोस्टग्रेस रीड कमिटेड, दर क्वेरीला ताजं. सेशन तेच, पण दोन्हीकडची तऱ्हा वेगळी. आता प्रत्येक फेरीला नवीन सेशन, काम झालं की बंद.

पूलचा, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा, हिशोब मात्र आधीच मांडा. प्रत्येक इंजिनाचा पूल वेगळा, डीफॉल्ट ५ आणि वर १० जादा, म्हणजे १५, आणि तेही प्रत्येक प्रोसेसला. आमचे चार वर्कर म्हणजे पोस्टग्रेसवर ६०, तसाच दुसरा सर्व्हर लावला की १२०, आणि पोस्टग्रेसची मुळातली मर्यादा १००. हे आम्हाला सेलच्या दिवशी कळलं, अर्थात. प्री-पिंगही (वापरण्याआधी कनेक्शन जिवंत आहे का बघणं) चालू ठेवा, नाहीतर मायएसक्यूएल ८ तास रिकामं बसलेलं कनेक्शन तोडतं आणि सकाळचा पहिला कस्टमर एरर खातो.

लायब्ररीवर राग नाही, यातलं बहुतेक त्यांनी लिहून ठेवलेलं आहे. पुन्हा केलं तर वाचायला बाइंड्सवालं एकच सेशन ठेवीन, लिहायला मात्र पहिल्या दिवसापासून दोन वेगळी. आमच्या टेस्ट अजून एसक्यूलाइट या छोट्या, एका फाइलमधल्या डेटाबेसवर चालतात, तिथे वरचं काहीच सापडत नाही, आणि ते बदलायचं तिकीट चार महिने माझ्याच नावावर पडून आहे.