दुसऱ्याचं परदेशी तिकीट आपल्या क्रेडिट कार्डावर: काही महिन्यांच्या वापरानंतर

नातेवाइकांची आणि शेजारपाजारच्यांची आखाताची, लंडनची, लिस्बनची तिकिटं गेले काही महिने आम्ही आमच्याच क्रेडिट कार्डावर काढतोय. मत आधीच सांगतो: सोय चांगली आहे, जरूर वापरा. मात्र तिकीट शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा, आणि परतीचा प्रवास होईपर्यंत ते कार्ड बंद करू नका. पैसे कापले गेले की कार्डवाला मोकळा झाला, असं इथं होत नाही.

सुरुवात बँकेच्या ॲपपासून. 2020 पासून नवं कार्ड येतं तेव्हा त्यावर परदेशी व्यवहार बंदच असतात. ते ॲपमध्ये जाऊन सुरू करायचे आणि एका व्यवहाराची मर्यादाही वाढवून ठेवायची. चौघांचं नाताळातलं तिकीट असेल तर नेमकी ही मर्यादा आडवी येते. साइटवर भाडं रुपयांत दिसलं तरी पैसे घेणारी कंपनी परदेशातली असू शकते, आणि परदेशी व्यवहार बंद असतील तर पेमेंट तिथंच अडतं. ओटीपी कार्डवाल्याच्या मोबाइलवर येतो, म्हणून शेवटची पायरी त्यानंच करावी. फोनवरून कुणालाही, अगदी ओळखीच्या एजंटलाही, ओटीपी सांगू नये.

कुवेतहून किंवा लिस्बनहून निघणाऱ्या माणसाचं तिकीट काढलं तर भाडं बहुधा तिथल्या चलनात लागतं. बँकेचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारावर ती लावते ते शुल्क, साडेतीन टक्के असेल तर त्यावर 18 टक्के जीएसटी धरून एकूण 4.13 टक्के होतात. म्हणजे 60,000 रुपयांच्या तिकिटावर 2,478 रुपये जास्त. दोन टक्के मार्कअपच्या कार्डावर हेच 1,416 होतात. पेमेंटच्या पानावर ‘रुपयांत भरा’ असा पर्याय आला तर तो घेऊ नका, कारण तो दर बहुतेक वेळा महाग पडतो. हिशेब करताना प्रवाशाला स्क्रीनवरचा आकडा सांगू नका, कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये आलेला सांगा.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. प्रवाशाकडून नाव तोंडी विचारू नका, पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा स्पष्ट फोटो मागवा आणि खालच्या दोन ओळींतली पहिली ओळ वाचा. देशाच्या तीन अक्षरांनंतर आधी आडनाव असतं, मग दोन बाणांसारख्या खुणा, आणि मग नाव. डिसोझा, डिकॉस्टा अशा आडनावांत डीनंतरची वरची खूण पासपोर्टवर दिसली तरी या ओळीत नसते आणि बऱ्याच साइट ती घेतही नाहीत. अक्षरं सलग टाकायची. पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर लांबलचक आडनावातला एखादा शब्द गाळायचा मोह आवरा. अशा पासपोर्टवाल्यांना भारतात यायला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) किंवा व्हिसा लागतो, तो चेक-इन काउंटरवर विचारला जातो. आडनावाची जागाच रिकामी असलेला पासपोर्ट असेल तर भिजत घोंगडं नको. व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसावर जाणाऱ्या अशा एकनावी प्रवाशांना संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर 2022 पासून प्रवेश बंद केला आहे. आधी पासपोर्ट दुरुस्त करा, मग तिकीट.

गोव्याचा खास मुद्दा विमानतळाचा. तिकिटावरच्या कोडात जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. काही साइट दोन्ही एकत्र दाखवतात आणि स्वस्त पर्यायात जाणं मोप्याहून, येणं दाबोळीला असं निघतं. वास्कोच्या माणसाला पहाटेच्या विमानासाठी पेडणे तालुक्यात पोचायचंय, हे टॅक्सीच्या भाड्यासकट आधी सांगा.

पैसे कापले गेले, सहा अक्षरांचा पीएनआर आला, म्हणून तिकीट निघालं असं समजू नका. ई-तिकिटाचा तेरा अंकी नंबर बघा. पहिले तीन अंक कंपनीचे असतात, जसे एअर इंडियाचे 098, एमिरेट्सचे 176. हा नंबर दिसत नसेल तर जागा नुसती धरून ठेवलेली असू शकते. अशा वेळी लगेच फोन करा.

आता काउंटर. काही विमान कंपन्या चेक-इनच्या वेळी पैसे भरलेलं कार्ड मागतात, विशेषतः कार्डवाला स्वतः प्रवास करत नसेल तर. फसवणूक टाळण्यासाठी ती तपासणी असते. म्हणून प्रत्येक प्रवाशासोबत एक पाकीट द्या: कार्डवाल्याची सही असलेलं अधिकारपत्र, त्यात पीएनआर, प्रवाशाचं नाव आणि रक्कम, कार्डवाल्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि कार्डाच्या पुढच्या बाजूची प्रत, त्यात पहिले सहा आणि शेवटचे चार अंक सोडून बाकी झाकलेले. मागची बाजू देऊच नका, तिथं बहुधा सीव्हीव्ही, म्हणजे कार्डाचा गुप्त आकडा, असतो. बुकिंगच्या अटींत मूळ कार्डच मागितलं असेल तर प्रतीवर विसंबू नका, कंपनीकडून आधीच पडताळणी करून घ्या. व्हर्च्युअल कार्डावर तिकीट काढू नये ते याचसाठी, दाखवायला हातात काही नसतं. मध्यंतरी कार्डाचा नंबर बदलला असेल तर जुन्या स्टेटमेंटचं ते पानही जोडा.

रिफंड मूळ कार्डावरच येतो, प्रवाशाच्या खात्यात नाही. भारतीय कंपन्यांसाठी डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा) नियम कार्डच्या बाबतीत सात दिवसांचा आहे. एजंटच्या साइटवरून काढलं असेल तर मध्ये एजंट येतो आणि दिवस वाढतात. तोवर बिलाची तारीख आली तर पूर्ण बिल भरा, रिफंड येणार म्हणून थांबलात तर व्याज लागतं. परकीय चलनातला रिफंड त्या दिवशीच्या दराने येतो, म्हणून रक्कम तंतोतंत जुळेलच असं नाही. हा फरक कोण सोसणार ते तिकीट काढण्याआधीच बोलून घ्या, नात्यात कटुता येते ती इथंच.

प्रवाशाकडून पैसे बँकेतूनच घ्या, रोख नको. एका आर्थिक वर्षात कार्डाची बिलं मिळून दहा लाख किंवा जास्त भरले तर बँक ते आयकर खात्याला कळवते. आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही परदेश प्रवासावर वर्षात दोन लाखांहून जास्त खर्च केला असेल, तर उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरावं लागतं. पेन्शनवर असलेल्या कार्डवाल्यांनी हे सीएला जरूर सांगावं, सोबत कुणाचं तिकीट आणि त्याचे पैसे कधी परत आले याची यादी द्यावी.