वडिलांनी परक्या नावाला पिंड दिला

अण्णांना त्यांच्या आजोबांपर्यंतची नावं ठाऊक. त्यामागचा पुरुष कोण, हे घरात कुणालाच सांगता येईना. पितृपक्षात वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, आणि तिसऱ्या नावाशी अण्णा दरवर्षी अडखळत. ते नाव शोधून द्यायचं मी मनावर घेतलं.

2023 मध्ये जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आमच्या तालुक्याच्या कचेरीबाहेर मोडीतली नोंद काढून देणारे एजंट दिसू लागले. त्यांतल्या एकाला गाठलं. त्यानं गाव, भाऊबंद, चुलत आजोबा, सगळं विचारून टिपून घेतलं. 18 हजार घेतले आणि 12 दिवसांनी कोतवाल बुकाचं, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीचं, ‘मूळ पान’ हातात ठेवलं. पिवळट कागद, मोडी मजकूर, खाली देवनागरी लिप्यंतर: शके 1805, मुलाचा जन्म, बापाचं नाव. अण्णांनी ते पान देव्हाऱ्यात ठेवलं. सर्वपित्रीला ते नाव उच्चारून पिंड दिला.

पुढे मोडी शिकवणाऱ्या एका बाईंना पान दाखवलं. त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाल्या, “हे लिहिलेलं नाही, छापलंय.” हाताच्या मोडीत आधी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जातात, शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत. आमच्या पानावर प्रत्येक शब्द सुटा. मोडीत ह्रस्व-दीर्घ सहसा पाळत नसत. इथे वेलांट्या-उकार आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे चोख. ‘र’ 11 वेळा आला होता, 11ही वेळा तंतोतंत सारखा. संगणकात मोडीचे फॉन्ट सहज मिळतात, हे मला तेव्हा कळलं.

आणि ते नाव? ते मीच एजंटाला पुरवलं होतं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत त्यालाही माहीत. चुलत आजोबांचं नाव त्यानं उचललं आणि दोन पिढ्या वर नेऊन ठेवलं. म्हणूनच ते आम्हाला इतकं आपलं वाटलं.

कृपा करून एवढं ध्यानात ठेवा: मूळ पान अभिलेख कक्षाबाहेर येत नाही. तुम्ही अर्ज करता, शुल्क भरता, मग सही-शिक्क्याची नक्कल मिळते. कुणी मूळ पान हातात ठेवलं तर ते चोरलेलं तरी असेल, नाहीतर खोटं. घरातली नावं कुणाला आधी सांगू नका. तो काय शोधून आणतो ते बघा. आम्ही निदान हा कागद दाखल्यासाठी कुठे जोडला नाही. खोट्या कागदावर जातीचा दाखला काढणं हा गुन्हा आहे, आणि त्यात अडकतो तो अर्जदार.

मी पोलिसांत तक्रार दिली आहे. एजंटाचा फोन बंद आहे. कचेरीत स्वतः अर्ज केला, तर त्या सालांचं बुकच उपलब्ध नाही असं उत्तर आलं. आता गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार आणि नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या बघायच्या आहेत.

अण्णांनी पान देव्हाऱ्यातून काढून माझ्या हातात दिलं. “मग तो पिंड कुणाला पोचला रे?” एवढंच त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.