उंदीर मारायचा निळा केक (ब्रोमाडायोलोन): ४ स्टार, पण घाई असेल तर घेऊ नका

आमचं किराणा दुकान आहे, मागे गोडाऊन, त्यामुळे उंदरांवर बाजारात मिळतं ते जवळपास सगळं वापरून झालंय. हा केक कृषी सेवा केंद्रातून आणला. ऑनलाईन रिव्ह्यू बघितले तर निम्म्या लोकांची एकच बोंब, रात्री टाकला सकाळी एकही मेला नाही, फालतू माल. अहो तो लगेच मारत नाही हीच तर त्याची खासियत आहे!

उंदराला उलटी करताच येत नाही. म्हणून नवीन खाणं दिसलं की आधी जरासं चाखतो, आणि नंतर पोटात गडबड झाली की त्या चवीला परत तोंड लावत नाही. अमेरिकेत जॉन गार्सियाने १९५५ मध्ये उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजून रेडिएशनने आजारी पाडलं, तर नंतर ते साध्या गोड पाण्यालाही शिवेनात. झिंक फॉस्फाईडच्या गोळ्यांचं तेच होतं, पहिल्या रात्री मरतात आणि उरलेले ढुंकूनही बघत नाहीत. त्यासाठी आधी दोन-तीन दिवस बिनविषारी खाऊ घालून सवय लावायची असते, दुकानात कोणाला एवढा वेळ.

केकमधलं विष रक्त गोठू देत नाही, पण परिणाम दिसायला काही दिवस जातात, तोवर उंदीर निवांत खातो आणि त्याला केकचा संशयच येत नाही. वर दुसऱ्याच्या तोंडाला ज्या खाण्याचा वास येतो ते उंदरांना सेफ वाटतं, कॅनडात बेनेट गॅलेफ यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केलेत. म्हणजे एक गिऱ्हाईक खूश झालं की ते बाकीचे घेऊन येतं.

या विषाचा आजोबा म्हणजे वॉरफरिन. विस्कॉन्सिनमध्ये बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची, त्याचं कारण कार्ल पॉल लिंक यांच्या लॅबने शोधलं आणि त्यातूनच पुढे हे १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४ पासून माणसांना औषध म्हणून. आमच्या काकांचा व्हॉल्व बदललाय, त्यांची रोजची गोळी याच खानदानातली. मी हे सांगितल्यावर काका पाकीट हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे डॉक्टर मला उंदीर समजतोय काय रे?"

ठेवायचा कुठे तर भिंतीला चिकटून, उंदीर मिशांनी भिंत चाचपत जातात, मोकळ्यातून फार कमी. रोज जागा बदलू नका, नवी वस्तू दिसली की घरातले मोठे उंदीर बिचकतात. धान्याच्या पोत्यांजवळ उघडा तर अजिबात नको, भोकाच्या डब्यात ठेवा.

एक स्टार कापला कारण मेलेला उंदीर माळ्यावर कुठे कोपऱ्यात सापडतो देव जाणे, वासाने आठवडा काढावा लागतो. आणि पाकिटावरच्या सूचना इतक्या बारीक की भिंग लागेल, मराठी तर नाहीच. लहान पोराने खाल्लं तर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे, पण घरी काही करत बसू नका, पाकीट घेऊन तडक दवाखाना गाठा.

ते प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र घेऊ नका, थोड्या दिवसात उंदरांना त्याची सवय होते. आणि घरी मांजर असेल किंवा शेतावर घुबडं येत असतील तर हा केकही नको, मेलेला उंदीर खाल्ला की विष त्यांच्या पोटात जातं. तिथे पिंजराच बरा, आत खोबऱ्याचा तुकडा भाजून लावायचा.