लायडार डेटासोबत आठ महिने: झाडांपेक्षा जमीन जास्त कळली

गेल्या ऑक्टोबरात विमानातून केलेल्या लेसर स्कॅनिंगचा, म्हणजे लायडारचा डेटा माझ्या हातात आला. मी जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे तयार करण्याचं काम करते. पूर्व विदर्भातलं साग-बांबूचं सरकारी जंगल, त्यातले दोन बीट (बीट म्हणजे एका वनरक्षकाकडे असलेला जंगलाचा भाग), आणि त्यांचा माथा ते पायथा मृद व जलसंधारणाचा आराखडा करायचा होता. आठ महिने रोज वापरून माझं मत असं झालंय: जमीन समजून घ्यायची असेल तर यासारखं दुसरं काही नाही. झाडं मोजायची असतील तर जरा थांबा.

आधी आमच्याकडे होती १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा छापील नकाशा. तिच्यात समोच्च रेषा २० मीटरच्या टप्प्याने, त्यामुळे दोन रेषांच्या मधे अख्खी घळ गडप होते. फुकट मिळणारा ३० मीटरचा उपग्रह उंचीनकाशाही होता, पण दाट जंगलात त्यातली उंची झाडोऱ्यातच कुठेतरी अडकलेली असते. लेसरचा एकेक झोत मात्र थोडा पानांवरून परततो, थोडा फांदीवरून, आणि फटीतून खाली उतरलेला जमिनीवरून. जमिनीचे बिंदू तेवढे वेगळे काढले की वरचं जंगल बाजूला सरतं. आमचं उड्डाण भर उन्हाळ्यात, सागाची पानं गळालेली असताना झालं होतं. त्याचा फार फायदा झाला.

पहिल्यांदा छायांकित नकाशा, म्हणजे चढउतार सावल्यांनी उठून दिसणारा नकाशा काढला त्या दिवशी बीटमधल्या एका कक्षाच्या (तुकड्याच्या) मधोमध धनुष्यासारखी वाकलेली एक उंच रेघ दिसली. नाल्याला आडवी, आणि एका ठिकाणी तुटलेली. नकाशा घेऊन गेलो. तिथे पळस, ऐन आणि नुसती झुडपं. पायाखाली चढ लागला तरी नजरेला काही कळेना. सोबतचे वनमजूर काका थांबले, काठीने माती उकरली आणि म्हणाले, "मॅडम, हे त बोडीची पाळ होय. आमचा आजा सांगे." मालगुजारीच्या काळातली फुटकी बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध! तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाची ही भूमी, त्यामुळे अशी पाळ सापडणं नवल नाही. पण ती आमच्या एकाही नकाशावर नव्हती. नवीन वनतळ्याची जागा आम्ही तिथून थोडी खाली धरली होती. ती रद्द करून जुन्या पाळीचं भगदाड बुजवण्याचा प्रस्ताव दिला.

आता खोट. बांबूच्या दाट रांजीतून (बेटातून) लेसर खाली पोचतच नाही. आमच्या डेटात एका नाल्याच्या काठावरच्या रांजीच जमीन म्हणून धरल्या गेल्या होत्या, त्यामुळे नकाशावर तिथे टेकाड उभं राहिलं. मी त्यावर विसंबून सलग समतल चरांची, म्हणजे पाणी अडवायला एकाच पातळीत खणायच्या चरांची आखणी दिली. हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीने पातळी मोजायचं साधन) लावल्यावर कळलं की उतार बरोबर उलटा आहे. मजुरांचा एक दिवस वाया गेला, आणि ते मला फार लागलं. तेव्हापासून जमिनीचे बिंदू विरळ असलेला भाग मी नकाशावर लाल करते आणि तिथे चालून आल्याशिवाय एकही रेघ मारत नाही. डेटा घेताना तयार नकाशावर समाधान मानू नका, मूळ बिंदूंची फाइलही मागून घ्या.

उंचीचा आधारही आधीच विचारून ठेवा. जीपीएसची मूळ उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्याकडे पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. दोन्ही एकत्र मिसळले की नाले डोंगर चढतात.

झाडांची उंची बरी मिळते, पण पानगळीतल्या उड्डाणात शेंडे निसटतात आणि आकडा कमी येतो. साग कुठला, ऐन कुठला हे त्या बिंदूंवरून मला कधी ठरवता आलं नाही. छातीच्या उंचीवरची गोलाई तर टेप लावूनच घ्यावी लागते. वनसीमेचे बुरुजही यात शोधू नका. सीमा कागदपत्रांनी ठरते, आणि बुरुज म्हणजे कधीकधी चार दगडांचा ढीग.

केंद्र सरकारने २०२१ च्या जूनमध्ये वनक्षेत्रांच्या लायडार सर्वेक्षणाचे दहा राज्यांचे अहवाल जाहीर केले. त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. पूर्ण प्रकल्प २६ राज्यांतल्या २,६१,८९७ हेक्टरचा. माझ्याकडचा डेटा त्यातला नाही, पण गॅबियन (जाळीत दगड भरून केलेला बांध), पाझर तलाव, वनतळं कुठे बसेल हे ठरवण्याचा हेतू तोच. या दिशेने काम होतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आमचा डेटा एका हार्ड डिस्कवर आहे आणि ती कपाटात. फिनलंडने असा डेटा २०१२ पासून सगळ्यांना खुला केला, इंग्लंडने २०१५ पासून. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) सारख्या गावांनी सामूहिक वनहक्क मिळवून जंगल सांभाळायला घेतलंय. ज्या ग्रामसभेला जंगल राखायचंय, तिला आपल्या नाल्याचा नकाशा बघायला अर्ज का करावा लागावा? मी माझ्यापुरतं एवढंच करू शकले: परवानगी काढून दोन्ही बीटचे छायांकित नकाशे मोठ्या कागदावर छापले आणि वनरक्षकांना दिले. एकाने त्यावर पेन्सिलीने उन्हाळ्यातही न आटणारे तीन झरे दाखवून परत पाठवलाय. ते झरे माझ्या डेटात कुठेच नव्हते.