ॲक्युट्रॉन घ्यायचं की मेमोव्हॉक्स?

हटके विंटेज घड्याळ पाहिजे म्हणणारे बरेच जण फिरून फिरून या दोन नावांवर येतात आणि मग फोटो बघून ठरवतात, तिथेच घोळ होतो. कारण दोन्ही भारी असली तरी आतला मामला पार वेगळा आहे.

ॲक्युट्रॉन बुलोव्हाचं, १९६० चं, डोकं मॅक्स हेट्झेल नावाच्या स्विस इंजिनियरचं. आत बॅलन्स व्हील, म्हणजे वेळ मोजत मागेपुढे डोलणारं चाक, नाहीच, सेलवर चालणारा ट्युनिंग फोर्क, म्हणजे दोन दांड्यांचा धातूचा चिमटा आहे, तो सेकंदाला ३६० वेळा थरथरतो, त्यामुळे टिकटिक नाही, कानाला लावलं की बारीक गुणगुण ऐकू येते आणि सेकंदकाटा सलग सरकत राहतो. महिन्याला एका मिनिटाच्या आत फरक अशी कंपनीची गॅरंटी होती, क्वार्ट्झ यायच्या आधी म्हणजे कहरच. त्यातल्या स्पेसव्ह्यू मॉडेलला तर डायलच नाही, हिरव्या कॉइल्स समोर दिसतात. तो मुळात दुकानाच्या काचेत ठेवायचा डेमो पीस होता, गिऱ्हाइकं तोच मागायला लागली.

आता गोम इथे आहे की साध्या ॲक्युट्रॉनचा डायल काढून 'स्पेसव्ह्यू' केलेले पीस बाजारात ढिगाने आहेत. घालायला काही वाईट नाहीत, पण ओरिजिनलचा भाव देऊ नका. मागच्या झाकणावर कोड असतो, एम६ म्हणजे १९६६, एन२ म्हणजे १९७२, विकणारा सांगतो त्या सालाशी तो जुळतोय का बघा. दुसरं म्हणजे मूळ सेल १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा होता, आता मिळतो १.५५ चा, त्यावर काही मशीन्स सुसाट पुढे पळतात आणि नीट ॲडजस्ट करून घ्यावी लागतात. कॉइलची तार केसापेक्षा बारीक, ती तुटली तर दुसरं घड्याळ फोडूनच पार्ट मिळणार.

मेमोव्हॉक्स जेगर-लकूल्त्रचं, १९५० पासूनचं, मनगटावरचा गजर. दोन चाव्या, एक वेळेची आणि एक गजराची. १९५६ मध्ये ऑटोमॅटिक आलं, पण गजराला चावी हातानेच द्यायची बरं का! हे पूर्ण मेकॅनिकल असल्याने चांगल्या घड्याळजीला समजतं, तरी सर्व्हिसिंग स्वस्त नाही आणि घड्याळाची किंमतही साध्या ॲक्युट्रॉनच्या कितीतरी पट. मेमोव्हॉक्सचं पाणबुड्यांसाठीचं मॉडेल पोलारिस वगैरेचा तर विचारच सोडा.

यात डायल नीट तपासा. आपल्याकडे मुंबईत रंगवलेले रिडायल, म्हणजे नव्याने रंगवलेले जुने डायल, किती फिरतात ते एचएमटीवाल्यांना विचारा, आणि महागड्या घड्याळांनाही हा रोग आहेच. अक्षरं जाड, फिसकटलेली दिसली की पुढे चला.

माझं मत? बजेट असेल आणि रोज घालणार असाल तर हातचावीचं साधं मेमोव्हॉक्स, डोळे झाकून. गजराची मजा हवी पण पैसे कमी, तर व्हल्केन क्रिकेट बघा, ते १९४७ पासूनचं, आवाज दणदणीत. ॲक्युट्रॉन मात्र गावात ट्युनिंग फोर्क उघडणारा माणूस आधी सापडला तरच, नाहीतर ते लवकरच कपाटात जाऊन बसेल.

आणि विकणाऱ्याकडून नुसते फोटो नको, व्हिडिओ मागा. ॲक्युट्रॉन असेल तर मोबाईलच्या वेळेशेजारी ठेवून दोनदा, मध्ये एक दिवस सोडून. मेमोव्हॉक्स असेल तर गजर लावून, वाजून आपोआप थांबेपर्यंत.