उरलेल्या इमल्शनसाठी वापरलेले बुरशीरोधक द्रावण : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

कोकणात घराला रंग काढायचा तो गणपतीच्या तोंडावर, आणि उरलेला रंग माळ्यावर जातो तोही भाद्रपदाच्या त्याच दमट हवेत. 2023 साली आमच्या रत्नागिरीच्या घरी सुमारे सहा लिटर इमल्शन (पेंटर मंडळींच्या भाषेत प्लास्टिक पेंट) असेच उरले होते. पुढच्या मे महिन्यात बादली उघडली तेव्हा झाकण फुगलेले होते, आतून कुजक्या अंड्याचा वास येत होता, वर हिरवट करड्या बुरशीची बशीएवढी चकती धरली होती, आणि ढवळल्यावर रंग ताकासारखा पातळ झाल्याचे दिसले. म्हणून 2024 च्या गणेशोत्सवाआधी रंगकाम झाल्यावर मी उरलेल्या रंगात घालण्याचे 100 मिलिलिटरचे संरक्षक द्रावण मागवले. त्याच्या अकरा महिन्यांच्या वापराचा हा अनुभव आहे.

या द्रावणातला मुख्य घटक बेंझआयसोथायाझोलिनोन, म्हणजे व्यवहारात ज्याला बीआयटी म्हणतात तो आहे. कंपन्याही इमल्शन भरताना याच कुळातली संरक्षके घालतात, त्यामुळे सीलबंद डबा सहसा टिकतो. बिघाड सुरू होतो तो डबा उघडल्यानंतर, कारण ओला ब्रश, विहिरीचे पाणी आणि भिंतीवरची धूळ यांच्याबरोबर जिवाणू आत जातात. रंगाला दाटपणा देण्यासाठी बहुधा सेल्युलोजपासून बनवलेला घटक घातलेला असतो आणि जिवाणू-बुरशीला तो आयताच खाद्य म्हणून मिळतो. त्याचे तुकडे करणारी, जिवाणू-बुरशीने सोडलेली विकरे (एन्झाइम) एकदा रंगात उतरली की नंतर जिवाणू मारूनही काही साधत नाही, कारण विकरांचे काम चालूच राहते आणि गेलेला दाटपणा परत येत नाही. द्रावण केव्हा घातले, याला म्हणूनच इतके महत्त्व आहे.

मी उरलेल्या रंगाचे तीन भाग केले. पहिला, सुमारे चार लिटरचा, पाणी न घातलेला रंग होता. तो त्याच दिवशी जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळला, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे लिटरमागे 2 मिलिलिटर द्रावण घालून पाच मिनिटे ढवळला आणि एकेक लिटरच्या चार प्लास्टिक बरण्यांत भरला. दुसरा भाग मूळ 20 लिटरच्या बादलीत तळाशी तसाच ठेवला, मात्र त्यातही त्याच प्रमाणात द्रावण घातले. तिसरा भाग म्हणजे पेंटरच्या हातबादलीतला, पाणी घालून पातळ केलेला रंग. तो आठवडाभर रोलरसकट पडवीत राहिला होता आणि त्यात द्रावण नंतर पडले.

तिसरा भाग डिसेंबरपर्यंतही टिकला नाही. वास आंबूस होता आणि रंग पाण्यासारखा झाला होता. हा दोष मी द्रावणाच्या माथी मारणार नाही, उशीर माझाच होता. ज्यात पाणी मिसळले आहे तो रंग पुन्हा मूळ डब्यात ओतू नये, हे आमचे पेंटर दरवर्षी बजावतात. त्याचे कारण मला यंदा नाकाने कळले.

मोठ्या बादलीचा निकाल मात्र मला अनपेक्षित होता. शिमग्याच्या सुमारास झाकण उघडले तेव्हा रंग उत्तम होता, दाट आणि वासरहित. पण झाकणाच्या आतल्या बाजूला काळे-हिरवे ठिपके पसरले होते आणि काठावर वाळलेल्या पापुद्र्यालाही बुरशी धरली होती. बीआयटी हवेत उडत नाही, ते रंगातच राहते. रिकाम्या जागेतली वाफ झाकणाला थेंबांच्या रूपाने चिकटते आणि त्या थेंबांत संरक्षक नसतेच. बादली जितकी रिकामी तितकी ही जागा मोठी. मी झाकण रंगापासून दूर नेऊन पुसले, काठ खरवडला, तरी दोनचार कण आत पडलेच.

बरण्या मी काठोकाठ भरल्या होत्या. तोंड कोरड्या फडक्याने पुसून रंगाच्या पृष्ठभागावर जाड प्लास्टिकचा गोल तुकडा टेकवला होता, आणि वर शेडचा कोड व तारीख लिहिली होती. 2025 च्या गणपतीपूर्वी, ऑगस्टमध्ये, चारही उघडल्या. एकीवर पातळ साय आली होती, ती उचलून टाकली. बाकी तिन्ही जशा भरल्या तशाच होत्या. माजघराच्या भिंतीवर मखराच्या खिळ्यांनी पडलेली भोके लांबीने (पुट्टीने) भरून त्यावर हाच रंग मारला, तो वाळल्यावर डाग ओळखू आला नाही.

द्रावणाबद्दल तक्रारी दोन आहेत. बाटलीला मापाचे झाकण नाही, त्यामुळे औषधाच्या दुकानातून 5 मिलिलिटरची सिरिंज आणावी लागली. अंदाजाने ओतण्याची ही वस्तू नव्हे. दुसरी अधिक गंभीर आहे : या कुळातली रसायने त्वचेला ॲलर्जी आणू शकतात, आणि ती सूचना बाटलीवर इतक्या बारीक अक्षरांत आहे की मी ती बोटे खाजू लागल्यावर वाचली. रबरी हातमोजे घालावेत, आणि प्रमाण वाढवून जास्त टिकाव मिळेल या भ्रमात राहू नये. एक मात्र खरे की पूर्वीच्या संरक्षकांपेक्षा हे परवडले : अमेरिकेत इमल्शनमध्ये पाऱ्याचे संयुग घालत असत, आणि 1989 मध्ये मिशिगनमधील एका लहान मुलाला ताज्या रंगकामानंतर पाऱ्याची बाधा झाल्यावर 1990 मध्ये तिथे घरातल्या रंगांतून पारा काढून टाकण्यात आला.

पुन्हा घेईन का? घेईन, पण ज्याच्याकडे पाणी न घातलेला, त्याच दिवशी झाकलेला रंग आहे त्यानेच घ्यावे. वास सुटलेल्या रंगासाठी ते निरुपयोगी आहे. माझ्याकडे बाटलीत अजून निम्म्याहून अधिक द्रावण शिल्लक आहे, आणि यंदा उरलेला दोन लिटर रंग मी बादलीत न ठेवता थेट बरण्यांत भरला आहे.